कोरड्या रस्त्यातलं आरमार

चन्नवीर हत्तुरेच्या जर्मन आरमारानं दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी पाण्याचा टँकर बुडवला. भर दुपारी, कोरड्या डांबरी रस्त्यात, ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर म्हणजे चन्नवीरचे सख्खे दाजी.

पण असं काही झालेलं नाही. हिरेमठ नगरातल्या सगळ्यांचं तसं ठरलंय, आणि एकदा कॉलनीचं ठरलं की बाहेरच्यानं मध्ये तोंड घालू नये. तेव्हा टँकर बुडालाच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. म्हणजे खरं तर जरा मागे जाऊ.

हिरेमठ नगर हद्दवाढ भागात येतं. हद्दवाढ भाग म्हणजे शहराच्या नकाशात आलेला आणि पाण्याच्या नकाशात न आलेला भाग. घरोघरी नळ आहेत. ते सोडले की आधी वारा येतो, मग थोडा वेळ काहीच येत नाही आणि मग पुन्हा वारा येतो. पाणी टँकरनं येतं. समुद्र कुठल्याही दिशेला निघालं तरी दिवसभराच्या वाटेवर आहे. अशा ठिकाणी चन्नवीरनं आरमार बांधलं.

चन्नवीर टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइनं बसवायचा. मोर, कमळ, 'वेलकम'. घरी आला की हातपाय धुऊन, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसून, तो टेबलाशी बसे आणि प्लॅस्टिकच्या चौकटीतून ब्लेडनं तोफा सुट्या करी. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन जहाजं, सातशेपटीनं लहान. बिस्मार्क ही मोठी युद्धनौका दीड वितीची. पाणबुड्या करंगळीपेक्षाही बारक्या. चिमटा, भिंग, गोंदाचा थेंब टाचणीच्या टोकावर. डोलकाठीपासून डोलकाठीपर्यंत ज्या तारा जातात, त्यांना तो केस वापरायचा. नंदाक्काचे. अक्काचे केस गुडघ्याच्या जरा वर येत. फणीतला गुंता ती त्याच्यासाठी कागदात गुंडाळून ठेवी.

"माझ्या केसांवर तुझी लढाई चाललीय," ती म्हणे. "लग्न झालं की बायकोचे वापर. मला सोड."

अक्का आणि तिचा नवरा रेवणसिद्ध, म्हणजे रेवणदाजी, मागच्याच गल्लीत राहत. दाजी टँकर चालवत. येता-जाता ते शेल्फसमोर उभे राहायचे, हात मागे बांधून, जत्रेत पाळणा बघावा तसे.

"लई देखणी आहेत चन्नूशेठ," ते म्हणायचे. "कुणाची म्हणायची?"

"जर्मनांची."

"काय करायची?"

"फिरायची," चन्नवीर म्हणे. "समुद्रात."

हे खोटं नव्हतं. फिरायचीच. फिरून काय करायची, हे चन्नवीरला पाठ होतं. कुठल्या पाणबुडीनं कुठल्या रात्री किती जहाजं तळाला नेली, त्यावर दूध होतं की माणसं, सगळं. पण ते सांगायला गेलं की जहाजं कमी देखणी दिसू लागत, म्हणून तो सांगत नसे.

या जहाजांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यांना पाण्याखालचा भाग नसतो. पाणी जिथं लागतं, तिथंच ती सपाट कापलेली असतात, म्हणजे शेल्फवर ठेवली की फळी हाच समुद्र वाटतो. ज्यावर ठेवाल ते पाणी. पाकिटावरसुद्धा असंच छापलेलं असतं, थोड्या वेगळ्या शब्दांत.

खंडेनवमीला अव्वानं, म्हणजे चन्नवीरच्या आईनं, सगळी अवजारं पाटावर मांडली. विळी, कोयता, शिलाई मशीनची मूठ, दाजींचे पाने, चन्नवीरचा लॅपटॉप. टँकरला बाहेर झेंडूची माळ. मग ती शेल्फकडे गेली आणि एकेक जहाज पदरात घालून आणू लागली.

"अव्वा, ती शोभेची आहेत. अवजारं नव्हेत."

"शोभेची असती तर तोफा कशाला असत्या?" अव्वा म्हणाली.

तिनं बिस्मार्क पाटावर ठेवली, चष्मा वर करून तिचं निशाण बघितलं. चन्नवीरनं ते तीन केसांच्या ब्रशनं रंगवलं होतं, कारण पाकिटात ते देत नाहीत.

"स्वस्तिक तिरकं बसलंय की रे."

"हो. जरा सरकलं रंगवताना."

इथं त्यानं सांगायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण अव्वानं तोवर सगळ्या जहाजांना हळद-कुंकू वाहिलं, तोफांवर अक्षता टाकल्या, नारळ फोडला आणि त्याचं पाणी आरमारावर शिंपडलं. जे देवासारखं पूजलं गेलंय त्याच्याबद्दल वाईट कसं बोलायचं, असं त्याला वाटलं. त्याला बऱ्याच गोष्टी अशा वेळेवर वाटत.

आता खंडेनवमीचं असं, की पूजलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नाही आणि दसऱ्याला मात्र नावाला तरी चालवायचंच. न चालवलं तर ते रुसतं. अक्कानं मशीनवर चिंधीला टीप मारली. दाजींनी टँकर चौकापर्यंत नेऊन आणला.

"तुझी चालव," अव्वा म्हणाली.

"ती चालत नाहीत गं."

"निदान हातभर सरकव. अवजार आहे, बसून राहिलं तर अपशकुन."

चन्नवीरनं जहाजं जमिनीवर ठेवली आणि एका बोटानं बिस्मार्क हातभर सरकवली. शहाबादी फरशीवर तिच्या मागे फेस उमटला. त्यानं बोट काढून घेतलं. ती थांबली नाही.

दोन दिवसांत घरातल्या फरशीची ओळख राहिली नाही. वर कोरडी, हात लावला तर गार दगड, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिला हलका हेलकावा आलेला. आरमार रांगेत फिरे. पाणबुड्या एका फरशीत बुडी मारून तिसऱ्या फरशीत वर येत. पहिल्यांदा स्टीलचा पेला गेला. 'टप्' असा आवाज झाला, पेला एका बाजूला कलला आणि शहाबादीत उतरला. मग पोळपाट. मग ज्वारीचा डबा, तो जायला बराच वेळ लागला, कारण भरलेला होता.

"आता चालायचं कुठून?" अव्वानं विचारलं.

"कडेकडेनं चाल."

ती कडेकडेनं चालू लागली. एका हातात कप, एक हात भिंतीला. चन्नवीर प्रत्येक भांडं बुडताना 'अरेरे' म्हणायचा आणि मग फोटो काढायचा. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर त्यानं ते टाकले. नागपूरच्या एकानं विचारलं, पाण्याचा इफेक्ट कशानं केला? यानं लिहिलं, फरशी. त्यानं विचारलं, कोटा का? यानं लिहिलं, शहाबादी. त्याखाली टाळ्यांची चित्रं आली, ओळीनं.

आठ वर्षं त्यानं ही जहाजं भिंगातून बघितली होती. ती काम करताना कशी दिसतात, ते आता दिसत होतं. छातीत काहीतरी गरम होई. ते दुःख असावं, असं त्यानं ठरवून टाकलं.

मग अव्वाचं जपाचं आसन गेलं आणि तिनं सांगितलं, एक तर मी राहीन नाही तर तुझी पोरं. पाणबुड्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत. उंबरा त्यांना चढता येत नव्हता. चन्नवीरनं त्या एकेक करून चिमट्यानं उचलल्या आणि उंबऱ्यापलीकडे ठेवल्या. रस्त्यावर. घरात गर्दी होते म्हणून. डांबरानं त्यांना लगेच आत घेतलं.

शुक्रवारी टँकरची पाळी होती. एकामागे एक तीन टँकर येत. पहिला वरच्या गल्लीला, मधला यांच्या, शेवटचा शाळेकडे. मधल्यावर दाजी. सकाळपासून रस्त्याच्या कडेला घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे नंबरला लावलेले. चन्नवीर कारखान्याला दांडी मारून गच्चीवर उभा होता. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. शेजारी अक्का पापड वाळत घालत होती.

तिन्ही टँकर वळणावर दिसले. अक्कानं डोळ्यांवर हात धरला.

"चन्नू, रस्त्याच्या मधोमध काय आहे रे ते? काडीसारखं?"

आगकाडीएवढी काडी डांबरातून वर आली होती आणि टँकरच्या दिशेनं हळूहळू वळत होती.

"खिळा असेल," चन्नवीर म्हणाला.

"टायर जाईल की ह्यांचं. ओरड ना."

ओरडायला वेळ होता. पुरेसा होता. चन्नवीरनं तोंड उघडलंही. पण त्याच वेळी डांबरावरून एक बारीक पांढरी रेघ निघाली, सरळ, अगदी पट्टीनं ओढल्यासारखी, आणि त्या रेघेइतकं देखणं काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. रेघ मधल्या टँकरला लागली. 'टप्' असा आवाज झाला.

आणि चन्नवीरनं टाळी वाजवली.

मुद्दाम नाही. सिक्सर बसला की वाजते तशी, आपोआप. पण सगळा रस्ता गप्प झाला होता, त्यामुळे ती गावजेवणाच्या पंक्तीत ताट पडावं तशी वाजली.

टँकर नाकावर कलला. मागचा भाग वर आला, मागचा कॉक उघडला आणि पाणी धो धो सांडू लागलं. बाया धावल्या. नंबर मोडला म्हणून थोडी भांडणं झाली. टँकर बुडत होता आणि खाली घागरी भरत होत्या. कॉक जसजसा खाली आला तसतशा बाया वाकत गेल्या, शेवटच्या तर गुडघ्यावर बसल्या. दाजींचा हात खिडकीतून बाहेर होता. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. त्यांनी फक्त मान वर करून टाळी कुठून आली ते बघितलं. मग केबिन गेली, मग झेंडूची माळ गेली, आणि रस्ता मिटला. त्यावर धूळ होती. ती ओलीसुद्धा झाली नव्हती.

"चला," कुणीतरी म्हणालं. "आज टँकर आलाच नाही म्हणायचं."

हे सगळ्यांना पटलं. टँकर आला म्हटलं की पाणी कुणी कुणी भरलं ते निघणार, आणि खाली माणूस जात असताना भरलं तेही निघणार. लोकांनी भरलेल्या घागरींवर झाकणं ठेवली आणि घरात जाऊन 'पाणी नाही, पाणी नाही' असं एकमेकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणू लागले. पुढचा आणि मागचा टँकर आपापल्या गल्लीत गेले. त्यांच्या ड्रायव्हरांनाही विचारलं. एक म्हणाला, माझ्या मागे कुणी नव्हतं. दुसरा म्हणाला, माझ्या पुढे कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून चन्नवीरचे हात एकमेकांजवळ आले की टाळी वाजू लागली. कारखान्यात साहेबांना नमस्कार करायला गेला, टाळी. देवापुढे हात जोडले, टाळी. भाकरी थापायला अव्वाला मदत करायला बसला, तर तिनं त्याला उठवलं. तो एक हात खिशात ठेवून हिंडू लागला. लोक काही बोलत नसत. तो दिसला की बायका घागरीवरचं झाकण नीट करत.

अक्का माहेरी राहायला आली. पहिल्या दिवशी तिनं नेहमीसारखा डबा भरला, रस्त्यावर त्या जागी नेऊन ठेवला आणि उभी राहिली. डबा हळूहळू खाली गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर आला. रिकामा, धुतलेला, पालथा.

"डबा धुऊन देतात ते," अक्का चन्नवीरला म्हणाली. "कधी खरकटा आणला नाही. खाली टँकरभर पाणी आहे, काय तोटा."

"टँकर आला नव्हता ना अक्का," चन्नवीर म्हणाला.

म्हणाला, आणि त्याचे कान तापले. त्याला इतकी लाज वाटली की पायाखालची फरशी त्याला घेईल तर बरं, असं झालं. फरशीनं घेतलं नाही. फरशी जहाजांचीच होती.

अक्कानं त्याच्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. "आला नव्हता. त्या न आलेल्या टँकरला टाळी कुणी वाजवली?"

"कुणीतरी असेल."

"असेल," अक्का म्हणाली आणि केस विंचरायला बसली. फणीतला गुंता तिनं कागदात गुंडाळून त्याच्यासमोर ठेवला, नेहमीसारखा.

डबा रोज जाई, रोज धुऊन येई. ऊन कडक असलं की खालून हॉर्न ऐकू येई, दोनदा आखूड, एकदा लांब. वळणावर दाजी तसाच वाजवत. जाणारे लोक आपल्या मोबाइलची रिंग वाजली असं समजून खिशात हात घालत. चन्नवीरनं एकदा टिकाव आणून रस्त्यावर घातला. ठिणग्या उडाल्या. रस्ता रस्त्यासारखाच होता. अव्वानं एव्हाना बाकीची जहाजंही उंबऱ्याबाहेर सोडली होती; पलीकडून बिस्मार्क शांतपणे गेली. तिच्या तारा उन्हात चमकत होत्या, काळ्या, लांब, तेल लावल्यासारख्या.

मग एक दिवस डबा खरकटा वर आला.

अक्का तो हातात घेऊन तशीच उभी राहिली. आमटी कडेला वाळली होती. आत बोटानं निपटल्याच्या रेघा होत्या.

"पाणी संपलं त्यांचं," ती म्हणाली.

चन्नवीर महापालिकेच्या झोन कार्यालयात गेला. तिथं लिंगाडे नावाचे साहेब होते, सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली. चन्नवीरनं दोन्ही हात दोन मांड्यांखाली दाबून सगळं सांगितलं. काडी, रेघ, कॉक, डबा. टाळीचं सांगितलं नाही.

"बुडाले म्हणता," लिंगाडे म्हणाले. "कशात?"

"रस्त्यात."

"रस्त्यात अपघात होतो. तो पोलिसांकडे."

"गेलो होतो. ते म्हणाले, टक्कर झाली नाही, गाडी नाही, अपघात कसला."

"मग बुडाले असतील तर पाणी पाहिजे. विहीर, तलाव, नदी. तसं असलं तर होडी देतो, माणसं देतो, गळ देतो. सगळं आहे आमच्याकडे. तुमच्याकडे पाणी आहे का?"

"आमच्याकडे पाणीच नाही साहेब."

"झालं तर," लिंगाडे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "समुद्र असता तर वेगळी गोष्ट होती. समुद्रात बेपत्ता झालेल्यांचं मोठं काम असतं. तुमचा रस्ता समुद्रात धरला गेला पाहिजे. तसा अर्ज करा."

चन्नवीरनं आभार मानायला नकळत हात जोडले. टाळी वाजली. सगळ्या कार्यालयानं मान वर केली, आणि लिंगाड्यांनी, दाजींनी बघितलं होतं तसंच, त्याच्याकडे बघितलं.

तो घरी आला तेव्हा अक्का रस्त्याच्या मधोमध बसली होती. तिच्या मांडीवर कात्री होती आणि मान उघडी पडली होती. वेणी तिनं शेवटापर्यंत घट्ट घातली होती, टोकाला डब्याची कडी बांधली होती.

"एवढी पुरेल का?" तिनं विचारलं.

तिनं कडी त्या जागेवर ठेवली. डांबरानं ती आत घेतली. वेणी सरकत गेली, पेरापेरानं, आणि टोक उरेतो गेली. मग ओढली गेली. खालून. दोनदा आखूड, एकदा लांब.

आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या लागल्या. आत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आज काही आलं नाही.

"धर," अक्का म्हणाली.

"अक्का, त्या दिवशी टाळी–"

"मला माहीत आहे तुझी टाळी. पाळण्यातली ऐकलीय." तिनं वेणीचं टोक त्याच्या दोन्ही हातांत दिलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. "धरून राहा. हात मोकळे ठेवू नकोस."

त्यानं धरलं. हात एकमेकांना लागले होते, पण मध्ये केस होते, त्यामुळे आवाज झाला नाही. ओढ चांगलीच होती. त्यानं टाचा रोवल्या. टाचा जराशा आत गेल्या. पलीकडून आरमार वळलं आणि त्याच्याभोवती रिंगण धरून फिरू लागलं, जवळजवळ, तोफा खाली केलेल्या. त्याच केसांच्या तारा, तोच काळा रंग.

"अर्ज मी लिहिते," अक्का म्हणाली. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली, डब्याचं झाकण पालथं करून त्यावर कागद ठेवला. "सांग."

चन्नवीरचे घोटे आता दिसत नव्हते. त्यानं घसा साफ केला आणि सांगितलं:

"प्रति, मा. झोन अधिकारी साहेब यांस. विषय, हिरेमठ नगरातील अंतर्गत रस्ता समुद्र म्हणून घोषित करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर रस्त्यास आजच्या तारखेपासून समुद्राचा दर्जा देण्यात यावा, भरतीची वेळ रहिवाशांना आगाऊ कळवण्यात यावी, आणि भरती येईपर्यंत दोरी धरण्यासाठी अर्जदाराच्या जागी, कधीही टाळी न वाजवलेला असा एक मनुष्य, उपलब्ध करून देण्यात यावा."